पसंतीला आणलेल्या दोन पँटी

वसंता,

दुपारी कूलरपुढे आडवी झाले की तू मला दिसायचास. ही गोष्ट तू असतानाची आहे, आत्ताची नाही. मी चटईवर, डोळे अर्धे मिटलेले, ओल्या वाळ्याचा वास नाकात, पलीकडच्या गल्लीत आरा मशीनवर लाकूड चिरणं चाललेलं, आणि तू मधल्या दारासमोरून जायचास. सावकाश. एक हात खिशात. बागेत फिरणाऱ्या माणसासारखा. कधी तू ओल्या वाळूच्या रंगाचा असायचास, कधी गर्द निळा. पाऊल वाजायचं नाही. एकीकडून गेलास की थोड्या वेळाने उलट बाजूने यायचास आणि तोवर रंग बदललेला असायचा. मी मनात म्हणायचे, वय झालं आपलं, आता भाऊ जिवंत असूनही स्वप्नात येतो. मग मी भिंतीकडे कूस बदलायचे.

तुला हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आपल्या घरात स्वप्नं सांगत बसायची सवय कोणालाच नव्हती.

आता तुझी तेरवी झाली. स्वाती पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "आत्या, तू रडत नाहीस, बोलत नाहीस, निदान लिही तरी." चौथी शिकलेल्या बाईला लिहायला बसवणारी तुझीच पोरगी. लिहिते. पण तुझे गुण मी गाणार नाही. ते तेरवीला गाऊन झाले, आणि ज्यांनी गायले त्यांना तू चहात साखर किती घेतोस हेही माहीत नव्हतं. मला पँटीचं बोलायचं आहे. तेच आपलं अर्धवट राहिलं.

पँटीचं खूळ तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मी पाहिलंय. तुझी सुशीला गेल्यावर कोराडीची खोली सोडून तू माझ्याकडे राहायला आलास, त्यानंतरची ही गोष्ट. स्वाती आणि जावई आले होते. जावई दिवाणावर मांडी घालून बसला आणि त्याची पँट कुठे ताणली नाही, कुठे चुरगळली नाही. बिस्किटाच्या रंगाची, साधी, कसली चकाकी नाही. तू त्याच्या गुडघ्याकडे पाहत होतास. माणूस आपल्याशी बोलतोय आणि आपण त्याच्या गुडघ्याकडे पाहतोय, हे तुझ्या लक्षातही नव्हतं. ते गेल्यावर तू म्हणालास,

"बाई, मले तशी पँट पाहिजे."

"कशी?"

"जावयासारखी. कॉटनची. नरम. पण लेंग्यासारखी ढिल्ली नाही."

"कुठं जायचं हाय तुले?"

"कुठंच नाही."

"मंग कायले पाहिजे?"

"बसाले."

मी म्हटलं, बसायला लुंगी आहे न. तर तू म्हणालास, "लुंगीत माणूस बसत नाही वं, पडून राहते."

मी हसले. पण रात्रीच्या भाकरी थापताना माझ्या मनात आलं की हा बोलला ते खोटं नाही. तुझी पहिली चड्डी मी शिवली होती, माझ्या परकराची. लाल फुलांची. शाळेत पोरांनी तुला 'फुलवंती' म्हणून चिडवलं आणि तू घरी येऊन मला चावलास. हाताला अजून वण असल्यासारखा वाटतो. कापड तेवढंच होतं, मी काय करणार? मग शाळेची खाकी. मग चुलतभावांच्या उतरलेल्या. लग्नात सासरच्यांनी दिलेला चॉकलेटी सूट, त्यात तू घामाने असा भिजलास की सुशीलाने पहिल्यांदा तुला पाहिलं तेच गळताना. मग कोराडीच्या वीज केंद्रातल्या नोकरीची वर्दी. गोणपाटासारखं कापड, आणि शिवणीशिवणीत राख. सुशीला म्हणायची, कितीही पाण्यातून काढा, शेवटचं पाणीही राखाडीच निघतं. वर्दी सुटली तेव्हा सुशीला बाजारातून आणायची, ती गेल्यावर स्वाती पाठवायची. आयुष्यभर तू अंगावर येईल ते घालत गेलास. स्वतः दुकानात उभं राहून स्वतःची पँट पसंत केली, असं कधी झालंच नाही.

हे मला भाकरी थापताना कळलं. तुला म्हटलं मात्र एवढंच, "उद्या जाऊ. लवकर आवर. उन्हाच्या आत परत यायचं हाय."

बर्डीच्या मॉलमध्ये गेलो ते आठवतं? आत इतका गारठा की मी पदर डोक्यावरून घेतला. दुकानातला पोरगा मऊ आवाजात बोलत होता, दवाखान्यात बोलतात तसा. "अंकल, चिनोज पाहिजेत का? स्लिम दाखवू की रेग्युलर?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, मले काय पायतं, मी का घालणार हाओ? मग त्याने एक पँट काढून दोन्ही हातांनी ताणली. "स्ट्रेच आहे अंकल. ताणली की ताणली जाते."

"मंग परत जागेवर येते?"

"येते न अंकल."

"किती दिवस?"

पोरगा दुसरी पँट काढायला वळला.

तिथल्या कपडे घालून पाहायच्या खोलीत तिन्ही बाजूंनी आरसे होते. तू आत गेलास आणि येईचना. मी दाराबाहेर उभी. आतून काही आवाज नाही. मला वाटलं चक्कर आली की काय. दार वाजवलं, तर तू हळू आवाजात म्हणालास, "बाई, मी मागून आपल्या बाबासारखा दिसतो."

"बाबा मागून धोतरात होता."

"तरी."

तिथून तू काहीच घेतलं नाहीस. येताना मेट्रोत खिडकीला कपाळ टेकून बसलास. खाली गाड्या, छपरं, पाण्याच्या टाक्या सरकत होत्या. तू म्हणालास, मागची बाजू माणसाला कधी दिसतच नाही, लोकांनाच दिसते. मी म्हटलं, पाठ आहे ती, तिला काय पाहायचं? तू हसलास. तुझं हे हसणं मला आवडायचं नाही. समोरच्याला लहान पोर समजून माणूस हसतो, तसं होतं.

मग सुरू झालं तुझं फिरणं. आज महाल, उद्या गांधीबाग, परवा पुन्हा बर्डी. कुठे खिसा तिरपा नाही, कुठे खालचा घेर अरुंद, कुठे कापड छान पण चेन खडखडते. मी सोबत यायचे आणि दुकानातल्या स्टुलावर बसून तुला घाई करायचे. उन्हाने तापलेल्या रस्त्यावरून चप्पल चिकटत घरी यायचं असतं, ते तुला नव्हतं दिसत, मला दिसत होतं. घाई केली त्याचं मला आजही काही वाटत नाही. एका पँटीसाठी अर्धं नागपूर पालथं घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी इतवारीचं ते जुनं दुकान सापडलं. आतल्या बाजूला पडद्याची खोली, पडदा गुडघ्यापर्यंतच. खाली तुझे पाय दिसायचे, डाव्या अंगठ्याचं काळं नख. गळ्यात टेप टाकलेला माणूस तुला काका म्हणायचा आणि तू एक घालून दुसरी मागायचास तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं नाही. तिथे दोनच उरल्या.

एक ओल्या वाळूच्या रंगाची. नुसतं कॉटन, ताण वगैरे काही नाही, कापड जाडसर पण हातात घेतलं की लोण्यासारखं. पुढे दोन-दोन चुण्या, पाय सरळ.

दुसरी गर्द निळी. पुढे सपाट, थोडी ताणणारी, पाय खाली निमुळते.

मी म्हटलं निळी. तू म्हणालास वाळूची. मग मी म्हटलं, बरं, वाळूची घे, तर तू म्हणालास, निळीही वाईट नाही. वसंता, तुझ्याशी भांडणही धड करता यायचं नाही.

तू वाळूच्या पँटीचा पाय दोन बोटांत धरलास, चोळलास आणि डोळे मिटलेस. दुकानातल्या माणसाला वाटलं काकांना कापड पारखायचं ज्ञान आहे. मला ठाऊक होतं तू कुठे गेलास ते. गावच्या घरातल्या मधल्या खोलीत. दिवाळीनंतर ती खोली आढ्याला लागेपर्यंत कापसाने भरायची आणि आपण माळ्यावरून तिच्यात उड्या टाकायचो. बुडायचो. आत कसलाच आवाज नसायचा. आईच्या हाका यायच्या त्या पाण्याखाली ऐकू आल्यासारख्या. तू एकदा आतच झोपून गेलास. घरभर, गोठाभर शोधलं. बाबाने विहिरीत गळ टाकून पाहिला. दिवस कलला तेव्हा ढीग हलला आणि त्यातून तू उठून बसलास. डोक्यावर, भुवयांवर, ओठावर कापूस. एका दुपारी म्हातारा होऊन परत आल्यासारखा. रडला नाहीस. मला विचारलंस, "बाई, मी कुठं हाओ?"

दुकानात तू डोळे उघडलेस आणि त्या माणसाला विचारलंस, "हा आपल्याकडचा कापूस हाय का?"

"नाही काका, बाहेरदेशचा. लांब धाग्याचा."

"असन," तू म्हणालास. "तिथंही पोरं उड्या मारत असतीन."

त्या माणसाने दोन्ही पँटी पिशवीत घातल्या. इतवारीच्या जुन्या दुकानांत ही रीत अजून आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पसंतीला म्हणून दोन नग घरी नेऊ देतात. उजेडात पाहा, घरच्यांना दाखवा, एक ठेवा, एक परत आणा. अंगाला लावून पाहायचं, घालून वापरायचं नाही, एवढाच नियम. साड्या आपल्याकडे जन्मभर अशाच आल्या. पुरुषाने पँट पसंतीला घरी आणलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आणल्यास आणि मधल्या खोलीतल्या दोन खुंट्यांवर अडकवून ठेवल्यास. शेजारी शेजारी. आल्यागेल्याला दाखवायचास. दूधवाल्याला दाखवल्यास. वरच्या मजल्यावरच्या बाईला बोलावून दाखवल्यास, ती बिचारी लाजली. संध्याकाळी चहा घेताना आपलं रोजचं भांडण.

"निळी घे. तुह्या हातून चहा सांडते. वाळूवर डाग दिसन."

"वाळूवर पाणी सांडलं त कोणी धुते का?"

"ते नदीतल्या वाळूचं. तुही वाळू मले घासा लागते."

"मी घासीन."

"तू घासशीन? बाप्पा!"

आणि मग मी म्हणायचे, दुकानदाराचा माल असा घरात ठेवू नये, एक घे अन् एक परत कर. तू म्हणायचास, "पाहून राहिलो न." असंच चालायचं. एकदा मला राग आला. मी म्हटलं, एवढा वेळ तर लोक नवरी पसंत करायला लावत नाहीत. तर तू बशीतला चहा फुंकत म्हणालास, "म्हून त तुले तसा नवरा भेटला. पाच मिनिटात पसंत केला."

"बाबाने पसंत केला. मी त पाह्यलाही नव्हता."

तू बशी खाली ठेवलीस. थोड्या वेळाने तू उठून दोन्ही पँटी खुंटीवरून काढल्यास, माझ्या मांडीवर टाकल्यास आणि म्हणालास, "घे. तूच कर पसंत. काही घाई नाही."

मी त्या परत खुंटीवर लटकवल्या. म्हटलं, मला भाजी चिरायची आहे.

तू गेलास तो लुंगीवर. लुंगीत माणूस बसत नाही म्हणणारा, गॅलरीतल्या खुर्चीत लुंगीतच बसल्या बसल्या गेलास. मी दुपारची झोप संपवून चहा घेऊन आले. तुझं डोकं मागे टेकलेलं, पांढरे केस वाऱ्याने कपाळावर, भुवयांवर आलेले. कापसातून उठून बसला होतास तेव्हा तसाच दिसत होतास. फक्त या वेळी तू मला काही विचारलं नाहीस. मी हाक मारली. मग कप खाली ठेवला. मग वरच्या बाईला बोलावलं. मधल्या खोलीतून जाताना दोन्ही पँटी खुंटीवर दिसल्या, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं हेच आलं: आता कोणती परत करायची?

लोक आले, रडले, माझ्याकडे पाहिलं. मी रडले नाही. पाहू दे.

तुला पांढऱ्यात गुंडाळून नेलं. ते ठीक. तिथे कोणालाच पसंत करू देत नाहीत. पण तेरवीचं तसं नाही. आपल्यात तेरवीला गेलेल्याच्या वयाचा माणूस बोलावतात, त्याचे पाय धुतात, त्याला डोक्यापासून पायापर्यंत नवे कपडे देतात, गेलेल्याच्या जागी पाटावर बसवतात. तो जेवतो म्हणजे गेलेला जेवतो. त्याने घातलं ते गेलेल्याला पोचतं. त्याने घास घेतल्याशिवाय मांडवात कोणी जेवत नाही. मारोती तुझ्या वयाचा, म्हणून त्याला सांगितलं. तोच, कोराडीला तुझ्यासोबत एका बसने येणारा-जाणारा, ज्याच्या डब्यातलं लोणचं तू संपवायचास.

स्वातीने तयार धोतर-उपरण्याचा संच सांगून ठेवला होता. पूजेच्या दुकानात मिळतो तो.

मी म्हटलं, "तुह्या बापानं जन्मात धोतर नेसलं का?"

"आत्या, विधीपुरतं असतं गं ते. सगळे तेच देतात."

"सगळे देतात ते त्यानं जन्मभर घातलं. आता तरी त्याले त्याच्या पसंतीचं घालू दे."

"अगं पण त्याची पसंती कोणती?"

तिथेच माझं गाडं अडलं. तेरवीपर्यंत मला हे शोधून काढायचं होतं. तुझी निळी की वाळूची. चुकीची दिली तर तिथेही तू दुसऱ्याच्याच पसंतीने उभा राहणार, आणि ती दुसरी या वेळी मी असणार. परकराच्या चड्डीचं ठीक होतं, तेव्हा कापड तेवढंच होतं. आता दोन होत्या.

स्वाती म्हणाली, "मला फोनवर म्हणाले होते, निळी पक्की. तुझी आत्या म्हणते ते बरोबर आहे."

मला बरं वाटलं. मग मारोतीला विचारलं. तो म्हणाला, "बाई, मले त वाळूची सांगितली. म्हणे, बाईले समजत नाही, मी वाळूचीच घेणार हाओ."

म्हणजे ज्याला जे ऐकायचं ते तू त्याला ऐकवलंस. मी खुंटीपुढे उभी राहिले आणि तुला दोन शिव्या दिल्या. कोणत्या ते लिहीत नाही, स्वाती वाचेल.

दहावं झालं आणि मी दोन्ही पँटी पिशवीत घालून इतवारीला गेले. म्हटलं, दुकानातल्या माणसाला तू काही बोलला असशील. तो टेपवाला मला ओळखून म्हणाला, "काका नाही आले?" मी म्हटलं, काका गेले. तो स्टूल पुढे करून थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. मग मी विचारलं, त्यांना यातली कोणती आवडली होती?

"आजी, मला तर दोन्हींबद्दल सारखंच बोलले," तो म्हणाला. "तुम्ही एक ठेवा, एक द्या, कोणतीही." आणि त्याने पँटी हातात घेऊन दिव्याखाली उलटसुलट केल्या. गुडघ्याच्या मागे बोट फिरवलं. कमरेची आतली पट्टी पाहिली. मग तो अवघडला.

"आजी, रागावू नका. या घातलेल्या आहेत."

"कोणती?"

"दोन्ही. एकदा-दोनदा नाही, चांगल्या रोज घातलेल्या आहेत. पाहा, गुडघ्यामागे सारख्या घड्या. माणूस बसला-उठला, चालला की पडतात त्या. आणि खिसा उजवीकडचाच सैल झालाय. काका हात खिशात घालून चालायचे का?"

मी त्याच्या हातातून पँटी घेतल्या. उजव्या खिशात हात घातला. वाळूच्या पँटीत तुझ्या सुपारीचं खांड. निळीत सुपारीचं खांड.

वसंता, त्या दुकानात, त्या स्टुलावर बसून मला माझी दुपार दिसली. चटई. वाळ्याचा वास. मधलं दार. तू इकडून जायचास वाळूच्या रंगाचा, तिकडून यायचास निळा. अनवाणी, म्हणजे मी जागी होऊ नये म्हणून. एक हात खिशात. मी त्याला स्वप्न म्हणत होते. तू खराच चालत होतास. घरातल्या घरात, बहीण झोपली असताना, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि मी डोळे उघडले असते तर एवढंच म्हणणार होते, दुकानदाराचा माल आहे, काढ.

कोणतीच पसंती झाली नव्हती तुझी. तुला एक घेऊन मोकळं व्हायचंच नव्हतं.

टेपवाला म्हणाला, "आजी, काय करायचं?"

"मंग दोन्ही माह्या," मी म्हटलं. "पिशवीत घाल."

तेरवीला पत्रावळी मांडल्या. वरण, भात, वडे, कढी, बुंदी. मारोतीचे पाय जावयाने धुतले. गुरुजी म्हणाले, वस्त्रं आणा. स्वाती धोतराचा संच घेऊन उभी होतीच. मी दोन्ही पँटी आणल्या आणि मारोतीच्या दोन हातांत दोन दिल्या.

"याच्यातली एक कर पसंत."

मारोती घाबरला. "कोणतीही द्या न बाई."

"कोणतीही नाही. पसंत कर. घालून पाय. आत आरसा हाय."

"आता? लोक बसले हाएत."

"बसू दे."

तो आत गेला. दार लोटलं. मांडवात लोक पत्रावळीपुढे बसलेले, वाफ निवत चाललेली. पाच मिनिटं झाली असतील, जास्तही. गुरुजींनी घसा खाकरला. कोणी तरी म्हणालं, काय झालं? स्वाती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, लोक ताटकळलेत गं." दाराच्या आतून मारोतीची चाहूल येत होती. कपाटाचा आरसा थोडा करकरतो, तो करकरला. म्हणजे तो मागून पाहत होता.

मी दाराशी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "थांबा. माणूस पसंत करून राहिला."

वसंता, एवढ्या लोकांना तुझ्या पँटीसाठी मी उपाशी बसवलं. वडे गार झाले. आरा मशीनही त्या दिवशी बंद होती, त्यामुळे सगळं कसं लांब, कापसाच्या आतून ऐकल्यासारखं वाटत होतं. मी घाई केली नाही. उभी राहिले.

शेवटी मारोतीचा आवाज आला, "बाई, जरा पाहता का, मागून कशी दिसते?"

मी दार ढकलून पाहिलं. निळी घातली होती. पाठमोरा उभा, मान वळवून आरशात बघत. मी म्हटलं, "मले नोको विचारू. तूच पाय."

त्याने पाहिलं. मग एक हात खिशात घातला, तसाच बाहेर आला आणि पाटावर बसला. जाता जाता मला हळूच म्हणाला, "वाळूचीचं बटण पोटावर लागत नाही बाई. लागलं असतं त तीच घातली असती."

म्हणजे शेवटी निळीच. मी म्हटलंच होतं. आयुष्यात एकदा तुझ्याशी झालेलं भांडण मी स्वच्छ जिंकलं, आणि ऐकवू कोणाला? मारोतीने पहिला घास घेतला, लोक जेवायला लागले, आणि मी आत येऊन धोतराचा संच स्वातीच्या पिशवीत घातला. तिला म्हटलं, दुकानात परत कर, हा कोणी घातलेला नाही.

वाळूची पँट खुंटीवर आहे. शेजारची खुंटी रिकामी. स्वाती म्हणाली जावयाला घेऊन जाते. मी म्हटलं, त्याच्याकडे तशी आहे. धुतली नाही. सुपारीचं खांडही खिशातच आहे.

दुपारी आडवी होते. ऊन अजून तसंच आहे, कूलर तसाच घरघरतो. बरेच दिवस मधल्या दारासमोरून कोणी गेलं नाही. मीही वाट पाहत नव्हते, उगाच सांगायचं नाही. काल मात्र डोळे अर्धे मिटले होते, वाळ्याचा वास येत होता, लांब कुठे लाकूड चिरलं जात होतं, आणि तू गेलास. सावकाश. एक हात खिशात. वाळूच्या रंगाचा. तुझी पाठ दिसली मला. खरंच बाबासारखा दिसतोस मागून.

मी थांबले, आता उलट बाजूने निळा येशील म्हणून. दार तसंच रिकामं राहिलं. तू आला नाहीस. मग लक्षात आलं, निळी मारोतीकडे गेली. परत येताना घालायला तुझ्यापाशी काही उरलेलंच नाही.

मी कूस बदलली नाही. दाराकडे तोंड करून पडून राहिले.